पिवळ्या पट्ट्याची बादली

कोणी विश्वास ठेवला नाही गं, कोणी म्हणजे कोणी नाही. तीनदा सांगितलं मी, त्या चष्मेवाल्या साहेबासमोर उभी राहून, आणि तिन्ही वेळा त्याने चष्मा काढून पुसला, जशी काही चूक काचेतच होती — आणि म्हणाला, बाई, तुम्ही जरा बसा, पाणी प्या. अरे, चार तळ्यांच्या मध्ये राहते मी, तहान लागली असती तर प्याले नसते का? तू ती बापाची पेटी खाली ठेव आधी. ठेव. पाच महिने कुलपात होती, अजून तासभर राहिली तर तिला काही होत नाही. त्या खुर्चीवर नको, तिचा मागचा पाय निखळलाय, तुझा बाप तिच्यावर कसा बसायचा ते त्याचं त्यालाच ठाऊक. इथे त्याच्या पहाऱ्याच्या खाटेवर बस. आणि तो कागद — साहेबाने दिलेला, हो, तोच — त्यावर सही करू नकोस इतक्यात. पेन हातात राहू दे हवं तर. पण सही नको.

तू त्याच्यासारखीच बसतेस. पाय जमिनीला अर्धे टेकवून, उठायच्या बेतात असल्यासारखी. आम्ही सगळे त्याला मामा म्हणायचो, साहेबसुद्धा, त्यामुळे मी मामाच म्हणणार, तुला वेगळं वाटलं तर वाटू दे. सव्वीस वर्षं मामा या फाटकावर पहारेकरी, आणि त्यातली अठरा मी त्याच्या हाताखाली. माझं काम काय, तर तळ्यांची राखण. पानं काढायची, पाण्याच्या काठीवरचा आकडा बघायचा, कासवं कुंपणात अडकली तर सोडवायची, आणि बेडूक मोजायचे. हसू नकोस. बेडूक मोजायची नोकरी असते. साहेबाच्या वरच्या साहेबाला आकडा लागतो, त्याच्या वरच्याला अजून मोठा लागतो.

चार तळी आहेत आत. थोरलं, मधलं, धाकटं आणि आंधळं. ही नावं कागदावर नाहीत, कागदावर एक-दोन-तीन-चार आहे. नावं मामाने ठेवलेली. माझंही नाव त्यानेच ठेवलं. पहिल्याच वर्षी एक मोठा पाहुणा आला होता, पांढरे बूट घालून, आणि तो थेट थोरल्याच्या काठावर अंड्यांच्या जाळीत पाय देऊन उभा राहिला फोटोसाठी. मी ओरडले. कशी ओरडले, तर पलीकडचे सगळे बगळे उडाले आणि त्या पाहुण्याच्या हातातली टोपी पाण्यात पडली. मामा मागून म्हणाला, तोफ डागली. झालं. तेव्हापासून मी तोफ. माझा नवरासुद्धा मला त्याच नावाने हाक मारतो, खाटेवरून, श्वास पुरला की.

आंधळं तळं सगळ्यात आत आहे. वर झाडं अशी मिटलेली की पाण्यात आभाळ दिसतच नाही, म्हणून आंधळं. तिथे पाहुण्यांना सोडत नाहीत. त्याचं पाणी दुसऱ्या कुठल्या तळ्याला मिळत नाही, आणि तिथल्यासारखे सुतार दुसरीकडे नव्हते. सुतार म्हणजे बेडूकच, अंगठ्याएवढा, मातकट, बघितलास तर दगड म्हणून सोडून देशील. पण आवाज! लाकडावर हातोडी मारल्यासारखा. ठक. ठक-ठक. ऊन उतरलं की एक सुरू करायचा, मग दुसरा, मग असं वाटायचं की आत कुठेतरी सगळे मिळून एक मोठं घर बांधतायत. बाकीच्या तळ्यांतही होते, पण इथे जास्त, आणि इथले जुने. वरच्या साहेबांचा जीव त्यांच्यावर, कारण म्हणे असे आता फार कुठे उरले नाहीत. मला ते काही कळत नाही. मी चौथीपर्यंत शिकले. मला एवढंच कळायचं की दिवसभराचा शीण तिथे बसलं की उतरतो.

मोजायचं कसं ते मामाने शिकवलं. उजव्या खिशात वीस खडे. काठावर एक चपटा दगड आहे त्यावर बसायचं, हलायचं नाही. प्रत्येक सुताराचा आवाज वेगळा असतो, एक घाईघाईने ठोकतो, एक दोनदा ठोकून थांबतो, एकाची हातोडी जरा बोथट. ओळखला की एक खडा उजव्या खिशातून डाव्या खिशात. दहा मिनिटं. मग डाव्यातले मोजायचे आणि येऊन फळ्यावर लिहायचे. लिहिता वाचता कमी येणाऱ्या माणसाला याहून सोपं काही नाही, आणि चुकत नाही. सोळा, सतरा, एखाद्या संध्याकाळी खडे पुरायचे नाहीत. साहेब नवीन आला तेव्हा त्याने एक यंत्र आणलं आवाज भरून घ्यायचं. एक महिना यंत्र आणि माझे खडे दोन्ही चालले. दोघांत फरक किती? एकाचा. आणि तो एक यंत्राने सोडलेला होता, मी नाही. मामा म्हणाला, साहेब, यंत्राला सांगा जरा कान साफ करायला.

आता ऐक, नीट ऐक, कारण तू दवाखान्यात कामाला आहेस, तुला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. इथला पहिला नियम असा, की एका तळ्याचं ओलं काही दुसऱ्या तळ्याला लागू द्यायचं नाही. जाळी नाही, बादली नाही, बूट नाही. तुम्ही नाही का एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाताना हात धुता, तसंच. बेडकाची कातडी उघडी, तो कातडीनेच पाणी पितो, कातडीनेच श्वास घेतो, एकाचा रोग पाण्याबरोबर दुसऱ्याला. म्हणून प्रत्येक तळ्याची बादली वेगळी, जाळी वेगळी, त्यांना रंगाचे पट्टे. थोरल्याला लाल, मधल्याला पिवळा, धाकट्याला हिरवा, आंधळ्याला पांढरा. ते पट्टे मी रंगवलेत, माझ्या हाताने, डबा अजून त्या फळीवर आहे बघ. आणि प्रत्येक तळ्याच्या वाटेवर लोखंडी ट्रे, त्यात औषधाचं पाणी, त्यात बूट बुडवून उभं राहायचं, तीसपर्यंत मोजायचं, मग पुढे. एक कॅमेरेवाला पोऱ्या एकदा ट्रेवरून उडी मारून गेला, तर मी त्याला काठाच्या आधीच गाठलं आणि परत आणून साठपर्यंत मोजायला लावलं. मोठ्याने. सगळ्यांसमोर.

तर गेल्या उन्हाळ्यात मधलं तळं गळायला लागलं. बांधाला कुठेतरी भोक पडलं होतं, खेकड्याने पाडलं असेल. काठीवरचा आकडा रोज दोन बोटं खाली. मी जाऊन सांगितलं — हे पहिल्यांदा. साहेबाने वही काढली, गेल्या वर्षीचा आकडा बघितला, त्याच्या आदल्या वर्षीचा बघितला, आणि म्हणाला, उन्हाळ्यात उतरतंच बाई. मी म्हटलं, उतरतं तसं नाही, गळतंय. त्याने चष्मा पुसला. पाणी प्या म्हणाला. आणि आठ दिवसांत मधल्याचं काय उरलं? एक डबकं, अंगणाएवढं, आणि त्यात सुतारांची पिल्लं. शेपटीवाली, काळी, अजून पाय न फुटलेली. हजारो. एकमेकांवर चढलेली, तोंडं वर काढून. पाणी असं कढत, की हात घातला तर भांडी घासायचं पाणी वाटावं. आणि काठावर बगळे ओळीने उभे, जेवणाच्या पंगतीला बसल्यासारखे. तीन दिवस बघितलं मी ते.

मग तू काय केलं असतंस? नाही, तू सांगू नकोस. तुला माहीतच आहे मी काय विचारतेय.

आधी बाकीचं सांगते. दीड महिन्याने आंधळं तळं कमी ठोकायला लागलं. पंधरा. अकरा. सात. मी फळ्यावर लिहिलं सात, तर साहेब म्हणाला शून्य पुसलं गेलं असेल मागचं. सत्तर होते का कधी तिथे? हे दुसऱ्यांदा. मी सांगितलं, आंधळं गप्प होतंय. तो म्हणाला, तुमचे खडे हरवले असतील. मी खिसे उलटे करून त्याच्या टेबलावर वीसच्या वीस मांडले. त्याने ते मोजले, बरं का. मनातल्या मनात मोजले, ओठ हलत होते. आणि तरी म्हणाला, पाणी प्या.

पाचव्या दिवशी मरायला टेकलेले दिसले. मरायला टेकलेले म्हणजे कसे, ते मी रोज बघते अजून. दिवसाढवळ्या उघड्यावर येऊन बसलेले. सुतार कधी उन्हात बसत नाही. जवळ गेलं तरी हलेनात. एकाला मी पालथ्याचा उताणा केला, पाठीवर — तो सरळच होईना. पाय हलवत राहिला, हळूहळू, जसं काही त्याला विसरायला झालं होतं की आपण कसे उठतो. उचलला तर त्याची कातडी माझ्या तळव्याला लागून आली. कांद्याची साल असते ना आतली, पातळ, तशी. मी तो हात किती वेळा धुतला सांगू? घरी माझा नवरा म्हणतो, तोफे, बादलीला तळ आहे तोवर थांब.

मग सगळे धावले. तपासणीवाली बाई आली मोठ्या गावाहून, हातमोजे घालून, बाटल्या भरून नेल्या. पंधरा दिवसांनी तिने येऊन सांगितलं की कातडीचा रोग आहे, बुरशीसारखा, मधल्या तळ्यात आधीपासून होता, तिथून आंधळ्यात आला. मधल्यात कुठून आला ते आजवर कोणाला कळलं नाही, पाहुण्यांच्या बुटातून असेल, बगळ्याच्या पायातून असेल, ते सोड. पण मधल्यातून आंधळ्यात पाणी जात नाही, मध्ये चढण आहे. म्हणजे कोणीतरी नेलं. ओलं काहीतरी. आणि ती बाई अजून एक म्हणाली. म्हणाली, पिल्लं मरत नाहीत याने. पिल्लांच्या फक्त तोंडात राहतो हा रोग, ती खातात, पोहतात, अगदी धडधाकट दिसतात. पाय फुटून शेपटी झडली, की मग मरतात. तोपर्यंत शेजाऱ्यापाजाऱ्यांना देऊन झालेला असतो. हे ती सगळ्यांना सांगत होती, साहेब लिहून घेत होता, मामा काठीवर हनुवटी टेकून उभा होता, आणि मी फडक्याने ट्रेच्या कडा पुसत होते. पुसत राहिले. ती गेली तरी पुसत होते.

दुसऱ्या दिवशी साहेबाने आम्हा दोघांना बोलावलं. ते ऑफिस तू आत्ता बघून आलीस, टेबल, दोन कपाटं, भिंतीवर तळ्यांचा नकाशा. दार लावून घेतलं. म्हणाला, वरून विचारणा आली आहे, नाव द्यावं लागेल, ओलं काय गेलं आणि कोणी नेलं. आणि माझ्याकडे बघितलंही नाही, बरं का. बघायचं कारणच काय? माझे बूट तर सगळ्यात स्वच्छ. मी तर ट्रेची काळजी घेणारी. त्याने मामाकडे बघितलं. मामाचा गुडघा, मामाची काठी, मामाच्या बुटांना नेहमी चिखल.

मामा म्हणाला, माझे बूट असतील साहेब. गुडघा दुखतो, पाय उचलून ट्रेमध्ये घालवत नाही. कधी कधी वगळतो.

खोटं. ऐकतेस ना? तुझ्या बापाने सव्वीस वर्षांत एकदाही ट्रे वगळला नाही. कठड्याला धरून, दात आवळून, एकेक पाय उचलून आत घालायचा, आणि तीस मोजायचा. मी तीस मोजायचे तर तो चाळीस. मी रोज बघितलंय. आणि त्याने ते वाक्य म्हटलं तेव्हा माझं तोंड उघडं होतं. उघडं, अगदी बोलायला आल्यासारखं. साऱ्या जंगलात ज्या तोंडाला लोक घाबरतात ते तोंड. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं मला. साहेब लिहीत होता. त्याने ओळ पूर्ण केली, खाली रेघ मारली, आणि मी तोंड मिटलं.

काय म्हणालीस? का मिटलं?

खोली सुटली असती. आमची खोली या नोकरीबरोबरची आहे, आणि तिथे खाटेवर एक माणूस आहे ज्याला गेली तीन वर्षं दोन पायऱ्यासुद्धा उतरवत नाहीत. हे एक. आणि दुसरं म्हणजे — मी भ्यायले. एवढंच. लोक म्हणतात भीती वाटली, मला तशी वाटली वगैरे नाही; ती येऊन जिभेवर बसली, ओल्या बेडकासारखी, आणि हलेना.

तर ते तीन दिवस. मधल्याच्या काठावरचे. चौथ्या दिवशी दुपारी मी पिवळी बादली घेतली. पिवळ्या तळ्याला पिवळी, नियमाप्रमाणे. जाळीपण पिवळी. डबक्यातून पिल्लं काढली, बादलीभर, वर ओलं पान झाकलं ऊन लागू नये म्हणून. आणि चालत निघाले आंधळ्याकडे, कारण तिथे पाणी गार, खोल, सावली. वाटेत ट्रे आला. आणि मी काय केलं माहीत आहे? बादली बाजूला ठेवली, बूट ट्रेमध्ये बुडवले आणि तीस मोजले. मग वाटलं आज मधल्याचा चिखल जास्त लागलाय, म्हणून पुन्हा तीस मोजले. मग बादली उचलली आणि पुढे गेले. समजतंय का तुला? बूट धुतले मी. साठ मोजले. आणि रोग हातात धरून गेले, पानाने झाकून, सांडू नये म्हणून जपून. तीन खेपा केल्या. तिन्ही वेळा बूट धुतले.

हसावंसं वाटतं ना? मलाही वाटतं कधी कधी. भांडी घासताना हसते मी एकटीच.

आणि तिसऱ्या खेपेला मामा चपट्या दगडावर बसलेला होता. खडे घेऊन, लवकर आला होता. मी बादली घेऊन त्याच्यासमोर उभी. पिवळा पट्टा त्याला दिसला, दिसणारच. मला वाटलं आता बोलेल. तो पिल्लांकडे बघत राहिला, ती बादलीत गरगर फिरत होती, आणि म्हणाला — उन्हात ओतू नकोस, त्या मुळांखाली ओत, सावलीत.

हे मी तुला सांगणार नव्हते. हे कोणालाच सांगितलं नाही मी, कारण सांगितलं की वाटतं मी अर्धं त्याच्या पदरात टाकतेय. तसं नाही. त्याला काय माहीत? त्याला वाटलं पिल्लं वाचतील, जसं मला वाटलं. दोन म्हातारी माणसं — मी तशी म्हातारी नाही अजून, पण असू दे — दोन माणसं पाण्यात पिल्लं सोडतायत आणि दोघांच्याही चेहऱ्यावर काय आनंद. मुळांखालून ती पसरली, काळी रांगोळी पसरल्यासारखी. मामा म्हणाला, यांचे सुतार झाले की तुला वीस खडे पुरायचे नाहीत, खिसा मोठा शिव. मी घरी जाऊन खरंच खिसा उसवला आणि मोठा शिवला. बघ, हा. तोच कोट.

म्हणून त्याने स्वतःवर घेतलं का, ते मला विचारू नकोस. सावलीत ओत म्हणाला म्हणून? माझ्या खाटेवरच्या माणसासाठी? की त्याचं वय झालं होतं, आज ना उद्या जायचंच होतं म्हणून? त्याला कामावरून काढलं, पेटी इथेच कुलपात ठेवून घेतली, त्यानंतर मी विचारायला गेले होते. हो, तुझ्या घरी. तू कामावर होतीस, शेजारणीने दार उघडलं. तुझ्या घरात त्याची खाट भिंतीकडे तोंड करून होती. मी काही म्हणत नाही, तुझ्याकडे जागा तेवढीच, तू केलंस तेवढं पुष्कळ केलंस. पण सव्वीस वर्षं ज्याने पाणी बघितलं त्याच्यासमोर भिंत. मी खाटेच्या पायथ्याशी बसले आणि म्हटलं, मामा, मी साहेबाला सांगते. तो म्हणाला, आधी घरी खाटेवर कोण आहे ते बघ. मग हसला आणि तुझी गोष्ट सांगितली. म्हणाला, पोरगी रागावली माझ्यावर. म्हणते, बाबा, मी रोज साठ वेळा हात धुते, तुम्हाला बूट बुडवायचं एवढंही जमलं नाही? — आणि हे सांगताना त्याला तुझा अभिमान वाटत होता, गं. म्हणाला, खरी नर्स आहे. बापालासुद्धा सोडत नाही.

खाली बघू नकोस. तू बरोबरच बोललीस. जे तुला सांगितलं होतं त्याप्रमाणे बरोबर. चूक तुझ्या वाक्यात नव्हती.

आणि मी परत आले. बसमध्ये खिडकीशी बसले आणि मला झोप लागली. छान झोप लागली, कित्येक आठवड्यांनी. तो म्हणाला होता ना, सांगू नकोस असं. म्हणजे त्याने तसं म्हटलं नव्हतं, पण मी तसं ऐकलं. गावं येऊन गेली आणि मी झोपलेली. बाकी सगळं एखाद्या दिवशी विसरेन, ती झोप विसरणार नाही.

मग तो गेला. तुझा निरोप आला त्या दिवशी मी ऑफिसात गेले, हे तिसऱ्यांदा. आणि सगळं सांगितलं, बादली, पान, तीन खेपा, साठ, सगळं. साहेबाने चष्मा काढला. बराच वेळ पुसला. आणि म्हणाला, इतक्या मऊ आवाजात म्हणाला की मला त्याच्या टेबलावर हात आपटावासा वाटला — बाई, दुःखात माणूस असं स्वतःवर ओढून घेतो. तुमच्याइतकं नियम पाळणारं इथे कोणी नाही. फाइल बंद झाली आहे. पाणी प्या. मी पिवळी बादली नेऊन त्याच्यासमोर ठेवली. तो म्हणाला, ही तर स्वच्छ आहे. स्वच्छ असणारच, मामाने घासून ठेवली होती ना. ज्या दिवशी बाटल्या भरून नेल्या, त्याच संध्याकाळी. मी बघितलं होतं, नळाखाली बसून, औषध घालून, काठाकाठाने. मी लांब उभी राहून बघितलं आणि मला वाटलं, बरं झालं.

आयुष्यभर खरं बोलून लोकांना पळवून लावलं मी, आणि एकदा खोटं गिळलं, तर आता खरं कोणी घेत नाही.

थांब. थांब, बोलू नकोस. ऊन उतरलं.

— ऐकलंस?

नाही? मान हलवू नकोस लगेच, नीट ऐक. आंधळ्याकडून. रोज येतो. मी रोज जाते, दगडावर बसते, वीस खडे उजव्या खिशात. नोकरीवरून जाताना त्याने आपले दिले होते मला, फाटकात उभा राहून, काठी काखेत धरून, एक एक माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, मोजत राहा. दुसरं काही म्हणाला नाही. तिथे आता काही नाही. चतुर उडतात, खंड्या येतो, कासवं आहेत, पण सुतार एकही नाही. साहेबाने यंत्र महिनाभर लावून ठेवलं, सगळं कोरं. आणि मी दहा मिनिटं बसून उठते आणि डाव्या खिशात एक खडा असतो. रोज एक. मी हलवलेला मला आठवत नाही, पण कान ऐकतो आणि हात हलतो, अठरा वर्षांची सवय. ठक. एकच. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा ठक, जरा पुढे. सुतार एका जागी बसून ठोकतो, पोरी. हा चालतो. फळ्यांच्या वाटेवर काठी टेकत कोणी येत असेल, दुखऱ्या पायाला सांभाळत, तसा. ट्रेपाशी थांबतो. मी मोजते. चाळीस.

फळ्यावर मी एक लिहिते. साहेब पुसतो. मी परत लिहिते.

बरं. आता तो कागद काढ. वाच मला, माझा चष्मा घरी आहे. सामान मिळाले, तक्रार नाही. ते ठीक. त्याच्या खाली? कारण मान्य — हो, तेच. पहारेकऱ्याच्या हलगर्जीपणामुळे. आणि पुढे दोषी म्हणून एक रकाना आणि त्यात टाइप केलेलं तुझ्या बापाचं नाव. तू सही केलीस की ते तुझ्या हाताने खरं झालं, मग माझ्यासारख्या दहा जणींनी येऊन बोंब मारली तरी मुलीची सही आहे म्हणतील. माझं साहेब ऐकत नाही. तुझं ऐकावं लागेल, तू मुलगी आहेस, तुझ्या सहीशिवाय त्याचा कागद पुरा होत नाही. माझ्या खोलीचं काय होईल ते होईल. मी नवऱ्याला सांगितलंय काल. तो म्हणाला, तोफे, इतके दिवस कुठे होतीस.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस हवं तर. पेटी उघड घरी गेल्यावर. तळाशी बूट आहेत त्याचे. वरचा चिखल बघू नकोस, तळवे बघ. औषधाच्या पाण्याने रबर पांढरं पडतं, भेगाळतं. माझ्या बुटांपेक्षा जास्त पांढरे आहेत. तू दवाखान्यातली आहेस, तुला बघून कळेल.

आता खोड ते. नाही, गिरगटू नकोस, एकच रेघ मार, खालचं वाचता आलं पाहिजे — आधी कोणाचं नाव घातलं होतं ते दिसू दे त्यांना. आणि वर लिही. मोठ्या अक्षरात लिही. साहेब म्हणेल हे कसलं नाव, असं चालत नाही. म्हणावं, तुमच्या कागदावरचं नाव तुमच्याकडे आहे, हे माझ्या वडिलांनी ठेवलेलं आहे, आणि या चार तळ्यांवर तिचं दुसरं नाव कोणाला ठाऊक नाही. मग पेटी उचल आणि नीघ, शेवटची बस जाईल. मला दगडावर जायचंय.

लिही.

तोफ.